वाऱ्याने आखून दिलेला आठवडा : सेशेल्सच्या बेटांतून शिडाच्या नौकेने

समुद्रकाठच्या नेहमीच्या सहलीत प्रवासी ठिकाणे आधी ठरवतो आणि हवामानाची चौकशी नंतर करतो. शिडाच्या नौकेवर आठवडाभर राहून बेटे पाहायची असतील, तर मात्र वाऱ्याचा विचार आधी करावा लागतो आणि ठिकाणे त्याच्यामागून येतात. राहण्याची जागा, स्वयंपाकघर आणि वाहन ही तिन्ही एकाच नौकेत सामावलेली असल्यामुळे आज रात्री नांगर कुठे पडणार, हाच या प्रवासातला रोजचा मुख्य प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर पर्यटनाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर, भरती-ओहोटीवर आणि खाडीच्या तळाशी वाळू आहे की प्रवाळ यावर ठरते. हे सारे अभ्यासण्यासाठी हिंदी महासागरातील सेशेल्सइतके सोयीचे उदाहरण मराठी वाचकाला दुसरे मिळणार नाही, कारण मुंबईहून थेट विमानाने साधारण चार-साडेचार तासांवर असलेल्या या बेटांचा खडक आणि वारा, दोन्ही आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहेत.

सेशेल्स हा ११५ बेटांचा देश असून त्याची सगळी जमीन एकत्र केली तरी ती सुमारे ४५५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी भरते. तिच्याभोवतीचे सागरी क्षेत्र मात्र साडेतेरा लाख चौरस किलोमीटरच्या घरात जाते. या बेटांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. दूरवर विखुरलेली, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आलेली बेटे प्रवाळांची आहेत. प्रवाळ म्हणजे चुन्याचे सांगाडे बांधून वसाहतीने राहणारे सूक्ष्म समुद्री जीव, आणि त्यांच्या सांगाड्यांच्या थरांवर थर चढून ही बेटे बनली आहेत. आतल्या बाजूची माहे, प्रालँ, ला दीग, क्युरियूज ही बेटे ग्रॅनाइटची, उंच आणि झाडीने भरलेली आहेत. आठवड्याच्या प्रवासात या आतल्या बेटांपलीकडे जाणे शक्य नसते आणि त्याची गरजही भासत नाही, कारण ती सर्व उथळ सागरी पठारावर एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात उभी आहेत.

या ग्रॅनाइटचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे. महासागराच्या मध्यावर ज्वालामुखीची किंवा प्रवाळांची बेटे आढळतात. खंडाचा ग्रॅनाइट तिथे आढळणे ही अपवादात्मक गोष्ट असून तिचा उलगडा भूशास्त्रज्ञांनी असा केला आहे की, सेशेल्स हा गोंडवन या प्राचीन महाखंडाचा तुकडा भारताला जोडलेला होता आणि दख्खनच्या पठाराला आकार देणारा लाव्हारस ज्या काळात बाहेर पडत होता, त्याच सुमारास, म्हणजे साडेसहा ते सहा कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान, तो आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून अलग झाला. माहेच्या वायव्येला दिसणारे सिलुएट हे बेट तर जुन्या ग्रॅनाइटचे नसून सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वीच्या अग्निजन्य खडकांचे आहे आणि त्या खडकांचा संबंध दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांशी लावला जातो. सजीवांतही या नात्याची खूण उरली आहे: केरळातील पश्चिम घाटात सापडलेल्या आणि २००३ साली शास्त्रीय नोंद झालेल्या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे ज्ञात नातलग सेशेल्सच्या जंगलातले इवलेसे बेडूक आहेत. सह्याद्रीच्या कातळावर चालून पाय दुखवलेल्या माणसाने सिलुएटचा डोंगर नौकेवरून पाहावा, तो परका वाटणार नाही.

वाऱ्याचे नाते याहून रोजच्या व्यवहारातले आहे. मे ते ऑक्टोबर या काळात सेशेल्सवर आग्नेयेकडून स्थिर वारा वाहतो. तोच प्रवाह विषुववृत्त ओलांडताना पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणून पाऊस घेऊन येतो. म्हणजे कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि मच्छीमार नारळी पौर्णिमेची वाट पाहत असतो, तेव्हा सेशेल्समध्ये त्याच वाऱ्याचा उगमाकडचा भाग शिडे भरत असतो. जुलै-ऑगस्टात तो सर्वांत जोरदार, हवा सर्वांत कोरडी आणि समुद्र सर्वांत खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च या काळात नेमके उलटे घडते. आपल्याकडचा ईशान्य वारा विषुववृत्तापलीकडे डावीकडे वळून तिथे वायव्येचा होतो. तो तुलनेने हलका, दमट आणि लहरी असतो, आणि जानेवारी हा माहेमधला सर्वाधिक पावसाचा महिना ठरतो. अरबी समुद्रातील गलबतांनी शतकानुशतके याच अदलाबदलीच्या आधारे आफ्रिकेचा किनारा गाठला आणि परतीचा प्रवास केला. दोन ऋतूंमधल्या सांध्याच्या महिन्यांत, विशेषतः एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये, वारा मंदावतो व पाणी इतके निवळते की पाण्याखालचे जग पाहणाऱ्यांची तीच पसंती असते. पण निव्वळ शिडावर प्रवास करू इच्छिणाऱ्याला तेव्हा बराच वेळ इंजिन चालवावे लागते. म्हणून वाऱ्याचा अनुभव हवा, पण पहिल्याच प्रवासात त्याच्याशी झुंज नको, असे ज्याला वाटते त्याने मेचा पूर्वार्ध किंवा ऑक्टोबर निवडावा. आतली बेटे विषुववृत्तापासून जेमतेम चार-पाच अंशांवर असल्यामुळे चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर राहतात, आणि कॅरिबियन बेटांच्या तुलनेत ही त्यांची फार मोठी जमेची बाजू आहे.

ऋतू ठरला की खाड्यांची यादी आपोआप निम्मी होते. प्रत्येक बेटाला वाऱ्यासमोरची एक बाजू आणि आडोशाची एक बाजू असते, आणि ऋतुपालटाबरोबर या बाजूंची अदलाबदल होते. प्रालँच्या वायव्य टोकाजवळची आन्स लाझिओ ही खाडी (आन्स म्हणजे फ्रेंचमध्ये लहान खाडी) आग्नेय वाऱ्याच्या दिवसांत तळ्यासारखी शांत असते, पण जानेवारीत लाटा थेट तिच्या तोंडात शिरतात. ला दीगच्या आग्नेय किनाऱ्यावरील ग्रांद आन्स जुलैमध्ये पोहण्यासाठी धोकादायक असते, कारण फुटणाऱ्या लाटांचे पाणी परतताना माणसाला आत ओढून नेते. छायाचित्रात दोन्ही खाड्या सारख्याच निळ्या दिसतात, आणि पहिल्या नियोजनातली चूक बहुधा अशाच छायाचित्रावरून होते.

नौका निवडताना कॅटामरान आणि एकअंगी नौका असे दोन पर्याय समोर येतात. कॅटामरान म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या दोन अरुंद अंगांवर मधला मंच टाकून बनवलेली नौका. ती वाऱ्याने फारशी कलत नाही, आठ-दहा माणसांना ऐसपैस सामावते आणि तिचा पाण्याखालचा भाग साधारण सव्वा मीटरच खोल जात असल्यामुळे उथळ खाडीत आतपर्यंत शिरते. एकअंगी नौकेच्या बुडाखाली वजनदार कणा असतो, तो दोन मीटरच्या आसपास खोल जातो. ती कलते, पण वाऱ्याच्या दिशेकडे अधिक चांगली चढते आणि सुकाणू धरणाऱ्याला वाऱ्याचा प्रत्येक बदल हाताला कळवते. शिडाचा खरा आनंद दुसऱ्या प्रकारात अधिक आहे. तरीही लहान मुले आणि ज्येष्ठ माणसे बरोबर असलेल्या कुटुंबाने कॅटामरानच घ्यावे, कारण कललेल्या नौकेत स्वयंपाक करणे आणि झोपणे याची सवय एका आठवड्यात होत नाही.

भाड्याची नौका दोन रीतींनी मिळते. पहिल्या रीतीत नुसती नौका ताब्यात येते आणि ती चालवण्याची सर्व जबाबदारी घेणाऱ्यावर राहते. त्यासाठी ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘डे स्किपर’ किंवा तत्सम प्रमाणपत्र, अथवा आजवरच्या अनुभवाचा लेखी तपशील मागितला जातो आणि परत मिळणारी मोठी अनामत ठेवावी लागते. दुसऱ्या रीतीत स्थानिक कप्तान बरोबर येतो. मुंबई बंदरात आणि गोव्यात शिडाची नौका चालवण्याचे शिक्षण मिळते, आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केल्यापासून या विषयाकडे वळणारे तरुणही दिसू लागले आहेत. मात्र बंदराच्या ओळखीच्या पाण्यात मिळवलेले कौशल्य प्रवाळांच्या पाण्यात लगेच पुरे पडत नाही, आणि म्हणून प्रमाणपत्र हाती असले तरी पहिल्या खेपेला निदान दोन दिवसांसाठी स्थानिक कप्तान घेणे शहाणपणाचे आहे. भाडेकरारात बहुधा सूर्यास्तापूर्वी नांगर टाकण्याची अट असते. तिथे वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश अगदी थोडा टिकतो. अंधारात पाण्याखालचा खडक दिसत नाही, हे त्या अटीमागचे कारण आहे.

शिधा आणि पाणी यांचा हिशेब कागदावरच करावा लागतो. चाळीस-पंचेचाळीस फुटी कॅटामरानवर साधारण सातशे लिटर गोडे पाणी मावते असे धरले, तर आठ माणसांच्या वाट्याला सात दिवसांत माणशी रोज साडेबारा लिटर येते, आणि शहरातल्या एका अंघोळीला याहून जास्त पाणी लागते. त्यामुळे समुद्रात पोहून आल्यावर अंगावर दोन तांबे गोडे पाणी, भांडी आधी समुद्राच्या पाण्यात आणि शेवटी गोड्या पाण्यात, पिण्याचे पाणी वेगळे, असे नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत आणि प्रालँला पोचल्यावर टाकी पुन्हा भरून घ्यावी. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र काही नौकांवर असते. ते असल्यास हिशेब सैल होतो, तरी ते बंद पडल्यास काय करायचे याचा विचार आधीच झालेला असावा.

खरेदी माहेवरील व्हिक्टोरिया या राजधानीतच उरकावी, कारण लहान बेटांवर दुकाने थोडी आणि भाजीपाला बराचसा आयात केलेला असल्यामुळे महाग असतो. डाळ, तांदूळ, मसाले यांची तिथे अडचण पडत नाही. १७७० साली फ्रेंचांनी सेंट आन बेटावर पहिली वसाहत केली, त्या अठ्ठावीस माणसांच्या तुकडीतच पाच भारतीय होते; पुढे तमिळ व्यापारी स्थायिक झाले आणि व्हिक्टोरियात १९९२ मध्ये नवशक्ती विनायकाचे मंदिरही उभे राहिले. कोकणातल्या माणसाला बाजारात नीरफणस ओळखीचा वाटेल. तो तिथे भाजून, तळून आणि नारळाच्या दुधात शिजवून खातात, आणि जो सेशेल्सचा नीरफणस खातो तो पुन्हा परत येतो अशी तिथली समजूत आहे. मासळीत तांबोशीच्या जातीचा लाल मासा मानाचा मानला जातो. भारतातून निघताना ताजी फळे, बियाणे व मांसाचे पदार्थ बरोबर घेऊ नयेत, कारण बाहेरच्या किडींपासून बेटे जपण्यासाठी त्यांवर निर्बंध आहेत. व्हिसा आधी काढावा लागत नाही; प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी मात्र निघण्यापूर्वी घ्यावी लागते.

प्रत्यक्ष मार्ग आग्नेय वारा गृहीत धरून असा बसतो. नौका बहुधा शनिवारी दुपारी माहेच्या पूर्व किनाऱ्यावरील ईडन बेटाच्या धक्क्यावर ताब्यात मिळते, आणि उपकरणे समजून घेईपर्यंत दिवस कलतो. तेव्हा पहिली रात्र जवळच्याच सेंट आन सागरी उद्यानात काढावी. १९७३ मध्ये स्थापन झालेले हे या भागातील सर्वांत जुन्या सागरी उद्यानांपैकी एक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रालँकडे निघावे. हे अंतर सुमारे पंचवीस सागरी मैल आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. सहा नॉट वेग राखला तर प्रवास चार तासांवर थोडासा जातो. प्रालँ माहेच्या ईशान्येला असल्यामुळे आग्नेय वारा जाताना उजव्या बगलेतून आणि येताना डाव्या बगलेतून मिळतो, आणि शिडाच्या नौकेला बगलेतला वारा सर्वांत सुखाचा असतो. जातानाही अनुकूल आणि येतानाही अनुकूल असा मार्ग समुद्रात क्वचितच मिळतो. वारा वाढू लागला तर शीड आखडून घ्यावे, म्हणजे त्याचा खालचा भाग गुंडाळून क्षेत्रफळ कमी करावे. आखडावे की नाही असा प्रश्न मनात आला, तीच ते आखडण्याची वेळ, असे जाणते खलाशी सांगतात.

प्रालँवर ‘व्हॅले द मे’ या जंगलासाठी पूर्ण सकाळ राखून ठेवावी. अवघ्या साडेएकोणीस हेक्टरांचे हे जंगल १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते दर्याई नारळाचे घर आहे. हा ताड जगात निसर्गतः फक्त प्रालँ आणि क्युरियूज या दोनच बेटांवर वाढतो. त्याच्या दोन पाळ्यांच्या फळातील बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत वजनदार असून ते पंचवीस किलोपर्यंत भरू शकते आणि पिकायला सहा-सात वर्षे लागतात. भरलेले बी समुद्रात बुडते. आतला गर कुजून पोकळ झालेले तेवढेच तरंगते आणि लाटांबरोबर दूर जाते, म्हणून या झाडाचा प्रसार कधी झालाच नाही. अशी पोकळ कवचे शतकानुशतके मालदीवच्या आणि भारताच्या किनाऱ्यांना लागत होती आणि ती कुठल्या झाडाची हे कोणालाच माहीत नव्हते. १७६८ मध्ये फ्रेंचांना हे झाड प्रालँवर सापडेपर्यंत हा नारळ समुद्राच्या तळाशी लागतो असेच मानले जाई, आणि आपल्याकडचे त्याचे ‘दर्याई’ हे नाव त्या समजुतीची साक्ष देते. साधूंचे काळे, गुळगुळीत कमंडलू आणि फकिरांचे कटोरे याच कवचाचे असत. जंगलातल्या पायवाटेवर उभे राहिले की वर डोक्यावर पंख्यासारखी कडक पाने वाऱ्याने एकमेकांवर आपटतात आणि पत्रे वाजावेत तसा कोरडा आवाज सतत येत राहतो.

बुधवारच्या सुमारास ला दीग गाठावे. वाट जेमतेम चार मैलांची, पण वारा समोरून असल्याने इंजिनच वापरावे लागते. तेथे सायकलीने फिरावे, पश्चिम किनाऱ्यावरील गुळगुळीत ग्रॅनाइटच्या शिळा ओहोटीच्या वेळी पाहाव्यात. क्युरियूजवर महाकाय कासवे मोकळी फिरतात, आणि १९६५ पर्यंत तिथे असलेल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचे अवशेष कांदळवनाच्या वाटेने गेल्यावर दिसतात. कुझँ या छोट्या बेटासाठी मात्र दिवस आधीच पक्का करावा लागतो, कारण ते कामकाजाच्या दिवशी सकाळीच पाहता येते आणि तिथे कोणालाही स्वतःची होडी किनाऱ्याला लावू देत नाहीत. बेटावरचे रक्षक आपल्या होडीतून पाहुण्यांना नेतात. होडीतून एखादी उंदराची जोडी उतरली तरी जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपतील, ही त्यामागची भीती आहे. १९६८ मध्ये पक्षिरक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे बेट विकत घेतले, तेव्हा सेशेल्स वटवट्या या पक्ष्याचे तीसही नग जगात उरले नव्हते. आज अनेक बेटांवर मिळून त्यांची संख्या काही हजारांत आहे.

भरती-ओहोटीसाठी मराठी घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिकाही उपयोगी पडते: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. सेशेल्समधले उधाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी असले, तरी प्रवाळावरून जाताना अर्धा मीटर पाण्याचा फरकही निर्णायक ठरतो.

नांगर टाकणे हे या संपूर्ण आठवड्यातले सर्वांत कसाचे काम आहे आणि ते रोज करावे लागते. खाडीत शिरण्याची वेळ अशी धरावी की सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असेल. समोरच्या सूर्याने पाणी चांदीसारखे चकाकते आणि तळ दिसेनासा होतो. एकाने नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभे राहून पाण्याचा रंग वाचावा: फिकट हिरवट म्हणजे वाळू, गर्द काळपट निळा म्हणजे समुद्रगवत किंवा खोली, आणि तपकिरी-पिवळसर ठिपके म्हणजे पृष्ठभागाजवळ आलेला प्रवाळ. त्याने हाताच्या खुणांनी सुकाणूवरच्या माणसाला वाट दाखवावी, कारण वाऱ्यात आणि इंजिनच्या आवाजात ओरडलेले ऐकू जात नाही. वाळूच्या डागावर नौका थांबली की नांगर सावकाश सोडावा आणि वाऱ्याने मागे सरकत साखळी पसरू द्यावी. खोली सहा मीटर आणि पाण्यापासून नाळेची उंची दीड मीटर असेल, तर त्या साडेसातच्या पाचपट, म्हणजे सदतीस-अडतीस मीटर साखळी बाहेर हवी. ती आडवी पडली तरच नांगराचे पाते वाळूत रुतते. शेवटी इंजिन उलटे चालवून ओढ द्यावी, किनाऱ्यावरची दोन झाडे एका रेषेत धरून नौका सरकत नाही ना हे पाहावे, आणि चष्मा लावून पाण्यात उतरून नांगर प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासावा.

हा शेवटचा टप्पा कंटाळा करून गाळला जातो आणि तिथेच आधीच होरपळलेल्या प्रवाळांचे नुकसान होते. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी असाधारण तापले, तेव्हा प्रवाळांनी आपल्या शरीरातील रंगीत, अन्न पुरवणारी शैवाले बाहेर टाकली. या घटनेला विरंजन म्हणतात, आणि त्यात आतल्या बेटांभोवतीचे सुमारे नव्वद टक्के जिवंत प्रवाळ नष्ट झाले. ते कुठे सावरू लागले होते तोच २०१६ मध्ये पुन्हा तोच आघात झाला. कुझँभोवती २०१० पासून रोपवाटिकेत वाढवलेले प्रवाळ खडकांवर हाताने लावले जात आहेत, आणि २०२० मध्ये सेशेल्सने आपल्या सागरी क्षेत्राचा तीस टक्के भाग संरक्षित घोषित केला. पाणी तापण्याचे कारण प्रवाशाच्या हातात नाही, परंतु रात्रभर वाऱ्याबरोबर फिरणारी तीस-चाळीस मीटरची लोखंडी साखळी उरलेल्या प्रवाळावरून घासत राहावी की वाळूवर, एवढे पूर्णपणे त्याच्याच हातात असते. बोया, म्हणजे तळाशी पक्का बांधलेला तरंगता गोळा, असेल तर शुल्क भरून त्यालाच नौका बांधावी. तो नसेल तर नांगर वाळूतच टाकावा. आणि वाळू दिसली नाही, तर अंधार पडण्याआधी पुढच्या खाडीत जावे.